गप्प बसून खेळायचा खेळ

३ नोव्हेंबर, मंगळवार

तीन आठवडे बोलायचं नाही! एक शब्दही नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही — "कुजबुज ओरडण्यापेक्षा वाईट," असं घशाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वर हसल्या. गाठ काढली, साधी होती, घाबरण्यासारखं काही नाही. गवयांना येते, मास्तरांना येते, फेरीवाल्यांना येते. तुम्ही काय करता, म्हणून विचारलं. मी सांगणार एवढ्यात त्यांनीच बोट वर केलं. मग बायकोनं उत्तर दिलं. "ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. दिवसभर गाडीत ओरडतात. आणि रविवारी खेळताना."

खेळताना मी ओरडत नाही. मार्गदर्शन करतो.

आता चोवीस तारखेपर्यंत तोंडाला कुलूप. मधे बोललो तर आवाज कायमचा घोगरा होईल म्हणे. लिहून कोणाचा आवाज गेल्याचं ऐकलेलं नाही, म्हणून ही वही.

४ नोव्हेंबर, बुधवार

बंदीची वेळ तरी बघा! वर्षभर कधी नाही आणि नेमकी आत्ता.

महिनाअखेर आमचं पत्रक छापायला जातं. वर्षातून एकदा आमचं मंडळ चांगल्या बोर्डगेमची शिफारस करतं, चार पानी पत्रक काढतं. दुकानं, वाचनालयं, इतर मंडळं ते भिंतीवर लावतात. मंडळ म्हणजे आम्ही चारच — सुतार, वकील, नर्सताई आणि मी. रविवारी दुपारी सुताराच्या कारखान्यात, त्याच्या कामाच्या मोठ्या टेबलावर बसतो. प्रत्येक खेळाच्या डब्यात थोडा भुसा सापडतो, पण टेबल उत्तम.

शिफारशीचा नियम कडक आहे. एकमेकांविरुद्ध खेळायचा खेळ असेल, तर सुचवणारा त्यात आमच्यासमोर एकदा तरी हरलेला हवा, आणि हरूनही त्याला तो आवडलेला हवा. जिंकल्यावर काय, कुठलाही खेळ आवडतो. आणि सगळ्यांनी मिळून खेळायचा खेळ असेल, तर आमच्या टेबलानं तो एकदा तरी जिंकलेला हवा. न जिंकता येणारा खेळ लोकांच्या गळ्यात मारायचा नाही.

हा नियम मीच केला. आता माझ्याच गळ्यात.

कारण माझा खेळ आहे 'चार दरवाजे'. याच्याइतका सुंदर खेळ मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नाही. धरण, त्याला चार दरवाजे, प्रत्येकाकडे एक. पावसाचा पत्ता उलटला की धरणात पाणी चढतं. दरवाजा उघडला की धरण उतरतं, पण खालच्या गावात पाणी शिरतं. धरण फुटलं तरी हरलो, गाव बुडालं तरी हरलो. पावसाचे पत्ते संपेपर्यंत दोन्ही वाचवायचं. सगळे मिळून जिंकतात नाहीतर सगळे मिळून हरतात. आम्ही सगळे मिळून वर्षभर हरतो आहोत. प्रत्येक वेळी कोणीतरी माझं ऐकत नाही म्हणून.

शिफारशी पंधरा तारखेपर्यंत ठरवायच्या, म्हणजे आता दोनच रविवार उरले. आणि ज्याला खेळ समजतो त्याच्याच तोंडाला कुलूप!

६ नोव्हेंबर, शुक्रवार

मुक्या माणसाला बहिरंही समजतात, हे आज कळलं. मी इथे खुर्चीत बसलेलो, हात-दीड हातावर. आणि बायको तिच्या बहिणीला फोनवर सांगते, "अगं, घर कसं शांत झालंय! पंख्याचा आवाज ऐकू येतोय. आमच्या पंख्याला आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं."

मी पाटीवर लिहून दाखवलं — 'मी इथेच आहे.' बायकोनं आणून दिलेली शाळकरी पाटी आहे, वर रंगीत मण्यांची तार. पन्नाशीच्या माणसाला!

तिनं वाचलं, मान डोलावली आणि फोनवर म्हणाली, "इथेच आहेत."

कामावरही तेच. फुलवाला शिकायला येतो, त्याच्याबरोबर मालकांनी पाठवलं. म्हणाले बोलू नका, नुसते बसा, तुमच्या पायाखाली ब्रेक आहेच. वळणावर फुलवाल्यानं गाडी सरळ एका फाटकाच्या खांबावर घातली. वेगात नव्हतो, दिवा फुटला, एवढंच. पण मालक मला विचारतात, "ब्रेक का नाही दाबला?" आता यांना कसं सांगू? इतकी वर्षं आधी तोंड चालतं, मग पाय. तोंड बंद म्हणून मी गळ्याला हात लावून बसलो आणि पाय विसरला. पाटीवर लिहायला गेलो तर मालक म्हणाले राहू द्या. चोवीसपर्यंत मला ऑफिसात बसवलंय. नोंदणीच्या फाइली लावतोय.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

८ नोव्हेंबर, रविवार

संताप! नुसता संताप!

'चार दरवाजे' मांडला. मी पाटी जवळ ठेवली. पहिल्याच पावसाला नर्सताईंनी दरवाजा अर्धा उघडला — अर्धा! मी पाटीवर 'बंद' लिहीपर्यंत पाळी वकिलाकडे गेलेली. वकील डोळे मिटून विचार करत बसला. हा माणूस विचार करतो हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या समजुतीनं तो कायम माझ्याकडे बघायचा. सुतार म्हणाला, "आज काय झकास वेळ मिळतोय बुवा." मी पाटीवर तीन ओळी लिहिल्या आणि वर धरल्या. वकिलानं चष्मा काढून ठेवला.

"मला लांबचं दिसत नाही," म्हणाला. पाटी त्याच्या नाकापासून वीतभर लांब होती.

हरलो. पण शेवटच्या दोन पत्त्यांवर हरलो. इतकं लांब आम्ही कधी गेलो नव्हतो. आणि हरून हे तिघं हसत होते! धरण फुटलंय आणि नर्सताई म्हणतात, "अजून एक डाव मांडू या का?" त्यांनी आजवर असं कधी म्हटलं नव्हतं. कायम घड्याळ बघायच्या, ड्यूटी आहे म्हणायच्या.

खरा घाव पुढेच. चहा ओतताना वकील सुताराला म्हणतो — मी पाठमोरा, पण कान शाबूत आहेत — "खेळ चांगला आहे रे. मला वाटायचं खेळच भंकस आहे."

सुतार म्हणाला, "मी तर पत्रकातून काढायला सांगणार होतो. म्हटलं एकट्यानं खेळायचा खेळ चौघांनी बसून कशाला बघायचा?"

एकट्यानं! चार दरवाजे, चार माणसं, डब्यावर चौघांचं चित्र आहे. वर्षभर मी यांना हाताला धरून शिकवतोय, चुका पोटात घालतोय, आणि यांना वाटतं हे बघायला बसलेत. उपकाराची फेड अपकारानं करणारी माणसं. घरी येऊन बायकोला सगळं पाटीवर लिहून दाखवावं म्हटलं, तर पाटी पुरेना. दोनदा पुसली. तिसऱ्यांदा लिहायला लागलो तर ती म्हणाली, "कळलं मला. सुतार बरोबर बोलले."

९ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात काम नाही. पत्रकासाठी या वर्षीच्या शिफारशी मनातल्या मनात पुन्हा तपासल्या. छापतील ते सभ्य शब्दांत छापतील, माझं मत इथे.

वकिलाचा 'मिठाचा रस्ता'. व्यापाराचा खेळ, चार तास. खेळ मोठाच आहे, नाकारत नाही. पण याची शिफारस नवशिक्यांना करणं म्हणजे पोहायला शिकवताना विहिरीत ढकलणं. पहिल्या तासात जो मागे पडला तो उरलेले तीन तास इतरांचं मीठ मोजत बसतो. वकील स्वतः त्यात कसाबसा एकदा हरला. मुद्दाम हरला असा माझा संशय आहे, नियम पुरा करायला.

सुताराचा 'काजवे'. अंधाऱ्या रानातून सगळ्यांनी मिळून वाट काढायची, अर्ध्या तासात संपतो. मुलांबरोबर खेळायला याच्यासारखा दुसरा नाही. पण आमच्या पत्रकात पहिल्या पानावर? पहिल्या पानावर वजनदार खेळ पाहिजे.

नर्सताईंचा 'तह'. तीन राजे, दोघांनी मिळून तिसऱ्याला घेरायचं आणि मग एकमेकांचा विश्वासघात करायचा. या खेळात त्या गोड बोलून माणसाचा गळा कापतात. मी याला पूर्ण गुण देतो. तीनदा हरलोय, तिन्ही वेळा त्यांच्यावर विश्वास ठेवून.

आणि 'चार दरवाजे' या सगळ्यांच्या वर. पण तो पत्रकात येईल तेव्हा ना!

१२ नोव्हेंबर, गुरुवार

रविवारी नर्सताईंची ड्यूटी. हा खेळ तिघांत होत नाही. मी डोकं धरून बसलो. तर वकिलानं परस्पर माझ्या घरी फोन केला आणि माझ्या बायकोला विचारलं — येता का?

आणि ती हो म्हणाली!

मला न विचारता. मला विचारायची सोय नव्हती हे खरं, पण पाटी होती. हिला खेळ आवडत नाहीत. लग्न झालं तेव्हा थोडे दिवस बसायची माझ्यासमोर, मग सुटली ती सुटलीच. मी डबा काढला की तिला नेमकं कपाट आवरायचं असतं. हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर बसते, दिवसभर लोकांना उत्तरं देते, घरी आल्यावर म्हणते डोकं चालत नाही. आणि हिच्या हातात मी धरणाचा दरवाजा देणार? पत्रकाच्या शेवटच्या रविवारी?

संध्याकाळी सरावाला बसवलं. रूलबुक दिलं. तिनं ते वाचलं — पूर्ण, शेवटच्या पानापर्यंत. इतकी वर्षं झाली, मंडळातल्या कोणी वाचलेलं नाही. मी सांगतो ना. मी तिच्या पत्त्यावर बोट ठेवलं, हा टाक.

"बोट उचला," ती म्हणाली.

मी दुसऱ्या पत्त्यावर ठेवलं.

"अहो, बोट. माझा दरवाजा आहे ना? मग मला फिरवू द्या."

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

सराव. काल बोट, आज भुवया. "भुवयाही नकोत," म्हणाली. मग माणसानं बघायचं तरी कुठे? भिंतीकडे बघत खेळलो.

१५ नोव्हेंबर, रविवार

घाईनं लिहितोय, अक्षर वाईट येणार.

जिंकलो.

नीट लिहितो. पहिलाच पाऊस, बारीकसा. धरण अर्धं रिकामं. अशा वेळी पाणी धरून ठेवायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि बायकोनं दरवाजा पूर्ण उघडला. पूर्ण! मी टेबलावर मूठ आपटली. करवतीशेजारचे खिळे उडाले. वकील शांतपणे म्हणाला, "हातवारे म्हणजे बोलणंच. डॉक्टरांना कळवावं लागेल." मी हात मांडीखाली घेऊन बसलो. पुढचा सगळा डाव मी हातांवर बसून खेळलो, माझी पाळी सोडून.

सुतारानं तिला विचारलं, "वहिनी, इतक्या लवकर?"

ती म्हणाली, "रांग लागायच्या आधी खिडकी उघडायची. रांग लागल्यावर उघडून काय उपयोग? मग चेंगराचेंगरी."

गावात थोडं पाणी शिरलं, ओसरलं. पुढे जोराचे पाऊस आले तेव्हा धरणात जागा होती. वकिलानं एकदा घोळ घातला, सुतारानं सावरला. मीही एक चांगली खेळी केली, कोणी दखल घेतली नाही. शेवटचा पत्ता उलटला तर कोरडा दिवस! पत्त्यांचं नशीब, दुसरं काही नाही. तो पत्ता मुसळधार निघाला असता तर हिचा शहाणपणा गावासकट बुडाला असता, हे मी लिहून ठेवतो.

सगळे उठून उभे राहिले. सुतारानं बायकोचा हात हातात घेऊन हलवला. वकील म्हणाला, "वहिनी, तुम्ही इतकी वर्षं होतात कुठे?"

ती म्हणाली, "घरीच होते."

कानामागून आली आणि तिखट झाली. वर्षभर या खेळासाठी मी घसा फोडला, शब्दशः फोडला, गाठ आली! आणि जिंकून देणारी कोण, तर दोन दिवस रूलबुक वाचलेली.

पण जिंकलो. शिफारस होणार.

१६ नोव्हेंबर, सोमवार

अजून राग गेलेला नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार

जेवण झालं. मी ताटं उचलत होतो. बाहेरच्या खोलीत डबा उघडल्याचा आवाज आला. तिनं आपण होऊन पट मांडला होता. दोघांनी दोन-दोन दरवाजे घ्यायचे, दोघांत तसा खेळता येतो, हे तिनं रूलबुकात वाचलं म्हणे. मला माहीत नव्हतं. तिला तसं दाखवलं नाही.

खेळताना विचारात पडली की ती गुणगुणते. गाणं नाही, सूरही धड नाही, नुसतं नाकातल्या नाकात. एवढा संसार झाला, मुलगी नोकरीला परगावी गेली, आणि ही विचार करताना गुणगुणते हे मला आज कळलं. मला ते फार आवडलं. माझी पाळी आली तरी मी मुद्दाम थोडा वेळ लावला, म्हणजे ती पुढचा विचार करेल.

मधेच म्हणाली, "आठवतं, लग्नानंतर आपण खेळायचो? मी नुसते पत्ते धरायचे. खेळायचात तुम्हीच, दोन्हीकडून. एकदा मी पाणी प्यायला उठले, परत आले तर माझी पाळी खेळून झाली होती."

हे धादांत — निदान मला तरी आठवत नाही. माझ्याकडे याचं उत्तर होतं. चांगलं लांबलचक, मुद्देसूद. पाटी आतल्या खोलीत होती. उठलो नाही.

हरलो. धरण फुटलं. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाली, "उद्या परत."

२० नोव्हेंबर, शुक्रवार

काल, आज, दोन्ही दिवस खेळलो. काल जिंकलो. आज तिनं कामावरून येताना वाटेतच ठरवून ठेवलं होतं पहिलं दार कोणतं उघडायचं. चपला काढता काढता सांगत होती.

मंडळाचा मात्र निर्लज्जपणा वाढत चालला आहे. वकिलानं पत्रकाचा मजकूर पाठवला. माझ्या खेळाची शिफारस मीच लिहायची ही पद्धत आहे. मी चौदा ओळी लिहिल्या होत्या. त्यानं दोन ठेवल्या आणि खाली स्वतःची एक जोडली — 'ज्याला हा खेळ सर्वात चांगला येतो, त्याला गप्प बसवूनच खेळावा.'

ही शिफारस आहे की बदनामी? गावभर भिंतींवर लागणार हे! मी उलट निरोप पाठवला, ओळ काढा, नाहीतर माझं नाव काढा. उत्तर आलं — 'नाव काढलं.'

बायकोला दाखवलं. वाटलं ती तरी माझ्या बाजूनं चिडेल. तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि फोन परत दिला. "छान लिहितात वकील."

२२ नोव्हेंबर, रविवार

तीही आली कारखान्यात. बोलावलं नव्हतं कोणी, गृहीतच धरलं होतं सगळ्यांनी; सुतारानं तिच्यासाठी स्टूल करून ठेवलं होतं, नवं, पॉलिशसकट. मी इतकी वर्षं रंगाच्या डब्यावर बसतोय.

'तह' खेळलो, नर्सताई, बायको आणि मी; वकील आणि सुतार बघत होते. नर्सताईंनी मला चौथ्यांदा फसवलं. बायकोनं नर्सताईंना फसवलं. सरळ चेहऱ्यानं! मी बघतच राहिलो.

परत येताना रस्ताभर ती बोलत होती. त्या वळणावर तुम्ही सैन्य का नाही हलवलंत, वकिलांचा चेहरा बघितलात का, पुढच्या वेळी मी काय करणार आहे. इतकं ती माझ्याशी कधी बोलली होती आठवत नाही. मी हुंकारही देऊ शकत नव्हतो, मान हलवत होतो.

मग कोपऱ्यावर थांबली. रस्ता ओलांडायचा होता. गाड्यांकडे बघत म्हणाली, "मंगळवारी डॉक्टरांकडे ना? बोलायला परवानगी मिळेल तुम्हाला."

मी मान हलवली.

"बरं झालं. तुमचे फार हाल झाले. मग मीही सुटले. तुमचा खेळ तुम्हाला. मंडळात सांगून टाकते, आता मी येत नाही म्हणून."

मी तिच्याकडे बघितलं. रागावून म्हणाली असती तर मी समजू शकलो असतो. राग नव्हता. पाऊस थांबला, आता छत्री मिटा, असं सांगावं तसं सांगितलं. सिग्नल पडला, ती पुढे झाली.

हा कुठला न्याय? मी आवाज मागितला तर माझ्या समोरची खेळाडू जाणार? मी काय गुन्हा केलाय? आणि हिला कोणी सांगितलं मी पूर्वीसारखाच बोलेन म्हणून? मी गप्पही बसू शकतो. तीन आठवडे बसलोच ना? डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बसलो, हे ती म्हणेल. म्हणेलच.

घरी आल्यावर तिनं डबा काढला नाही. कपाट आवरत बसली.

२३ नोव्हेंबर, सोमवार

आज तरी खेळू म्हणून मी पट मांडला, तिची बाजू तिच्याकडे करून. ती म्हणाली, "राहू दे. उद्यापासून तुम्ही मंडळाबरोबर खेळालच की." मी पाटीवर लिहिलं, 'एकच डाव.' बसली. गुणगुणली नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी 'आ' म्हणायला लावलं. म्हटलं. खणखणीत आला, त्याही चमकल्या. "उत्तम. आजपासून बोला," म्हणाल्या. "फक्त ओरडू नका."

घरी आलो. ती कपाट उघडून उभी होती. "काय म्हणाल्या? लागायचं का बोलायला?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि तीन बोटं वर केली. आणखी तीन आठवडे.

"अरेरे," ती म्हणाली, आणि कपाट लावून पट मांडायला गेली.